न्हाणीघराचे ड्रेन आणि व्हेंट पाइप: घर बांधताना विचारले जाणारे प्रश्न

घरांच्या साइटवर काम करताना फरशीच्या रंगावर तासन्‌तास चर्चा होते आणि पाइपचं काम "प्लंबर बघेल" म्हणून सोडून दिलं जातं. फरशी आवडली नाही तर निदान डोळ्यांसमोर असते. पाइप एकदा कोब्याखाली गेला की फक्त वासातून आणि ओलीतून बोलतो. मला सर्वात जास्त वेळा विचारलेले प्रश्न इथे घेतले आहेत. डोळ्यांसमोर घर ठेवलंय ते आपल्याकडचं नेहमीचंच: खाली एक आणि वर एक न्हाणीघर असलेला एकमजली बंगला किंवा रो-हाउस.

पाइपचा विचार नेमका कधी करायचा?

स्लॅबचं सेंट्रिंग लागायच्या आधी. कमोड कुठे, नहाणी ट्रॅप (जमिनीवरचं पाणी जाळीतून जातं ते तोंड) कुठे, बेसिन कुठे आणि उभा पाइप कोणत्या भिंतीच्या बाहेरून उतरणार, या चार गोष्टी कागदावर ठरल्या की बाकीचं आपोआप जागेवर बसतं. स्लॅब पडल्यावर ठरवायला गेलात तर कुणीतरी ड्रिल घेऊन बीममध्ये भोक पाडतो. बीममध्ये भोक कधीही पाडू देऊ नका, पाइप जाण्यासाठी स्लीव्ह, म्हणजे नळीचा तुकडा, आधीच सोडा.

वरचं न्हाणीघर शक्यतो खालच्याच्या डोक्यावर घ्या, आणि कमोड बाहेरच्या भिंतीजवळ. कमोडपासून उभ्या पाइपपर्यंतचं अंतर जितकं कमी, तितकं पुढचं आयुष्य सोपं.

ट्रॅप म्हणजे काय? त्याला एवढं महत्त्व का?

गटार आणि तुमचं घर यांच्यामध्ये दरवाजा नसतो, असतं ते फक्त पाणी. पाइपच्या वळणात साधारण ५० मिमी, म्हणजे दोन इंच पाणी कायम अडून राहतं आणि तेवढंच पाणी गटारातला वायू, झुरळं आणि जंतू अडवतं. ही वळणाची युक्ती जुनी आहे. अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली फ्लश शौचालयाचं पेटंट घेतलं, त्यात ती आहे.

आपल्याकडे जमिनीवरच्या ट्रॅपला देशभरातले प्लंबर 'नहाणी ट्रॅप'च म्हणतात, आणि इंजिनिअरिंगच्या पुस्तकांतही तोच शब्द छापलेला असतो. आपल्या न्हाणीचा शब्द इतका दूर गेला यात नवल नाही. बादलीने आंघोळ करणाऱ्या, फरशी पाण्याने धुणाऱ्या घरात सगळ्यात जास्त राबतो तो हाच.

एक गोष्ट मात्र जवळून बघा. काही स्वस्त ट्रॅपमध्ये जाळीखाली उलटी वाटी बसवलेली असते आणि पाणी तिच्याभोवतीच अडतं. केस अडकतात म्हणून कुणीतरी ती वाटी काढून ठेवतं, आणि त्या क्षणापासून ट्रॅप उरतच नाही, नुसतं भोक उरतं. "महिनाभर वास येतोय" अशी तक्रार आली की मी आधी जाळी उचलून वाटी बघतो. नवीन काम असेल तर खोल, दोन इंच पाणी धरणारा ट्रॅपच घ्या.

पाणी खाली जायला पाइप आहेच, मग हवेचा पाइप कशाला?

पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडून तो वाकडा करा. तेल गचके देत, डब डब करत पडतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की शांत धार लागते. व्हेंट पाइप म्हणजे ते दुसरं भोक.

उभ्या पाइपमधून उतरणारं पाणी भिंतीला चिकटून, नळीसारखं उतरतं आणि मधोमध हवा असते. वरच्या मजल्यावर फ्लश केलं की हे पाणी आपल्याबरोबर हवा खाली ओढतं. वरून नवी हवा मिळाली नाही तर ती जवळच्या ट्रॅपमधून ओढली जाते, म्हणजे त्याआधी तिथलं पाणी ओढलं जातं. तेच पाणी तळाशी आडव्या पाइपला आपटतं तेव्हा हवा दाबली जाते आणि खालच्या मजल्यावरच्या ट्रॅपमधून बुडबुडे येतात. एका ठिकाणी शोषण, दुसऱ्या ठिकाणी दाब, आणि दोन्हीत बळी जातो तो त्या दोन इंच पाण्याचा. उताराची काळजी सगळे घेतात. पाइपला हवा हवी हे मात्र सांगावं लागतं.

छोट्या घराला वेगळा व्हेंट पाइप टाकावाच लागतो का?

बहुतेक वेळा नाही. कमोडचा ११० मिमीचा उभा पाइप तसाच, व्यास कमी न करता, गच्चीच्या वर नेला आणि टोकाला काउल, म्हणजे जाळीची टोपी, बसवला की तोच व्हेंट होतो. मात्र सगळी उपकरणं त्या उभ्या पाइपच्या जवळ हवीत. बेसिन किंवा शॉवर लांब असेल, किंवा एकाच आडव्या पाइपवर बरीच उपकरणं जोडत असाल, तर त्या आडव्या पाइपवरून ५० मिमीचा स्वतंत्र व्हेंट घ्या. तो बेसिनच्या काठाच्या वरपर्यंत सरळ न्या आणि मगच मुख्य व्हेंटला जोडा. खालीच जोडलात तर पाइप तुंबला त्या दिवशी घाण पाणी व्हेंटमध्ये चढतं आणि तिथेच सुकतं. व्हेंटच्या आडव्या भागालाही ड्रेनकडे थोडा उतार द्या, आत जमलेलं बाष्पाचं पाणी परत गेलं पाहिजे.

"लांब" म्हणजे किती, असा पुढचा प्रश्न येतोच. ब्रिटनच्या इमारत नियमांत व्हेंटशिवाय बेसिनचा ३२ मिमीचा पाइप जास्तीत जास्त १.७ मीटर आणि ४० मिमीचा ३ मीटर चालतो. मापं त्यांची असली तरी पाण्याचं वागणं इथेही तेच आहे. मी बेसिनला ४० मिमीच टाकतो.

व्हेंट किती उंच न्यायचा?

आपल्या गच्च्या रिकाम्या नसतात. तिथे पापड-कुरडया वाळतात, मे महिन्यात माणसं झोपतात. म्हणून पाइपचं तोंड गच्चीच्या फरशीपासून किमान दोन मीटर वर, आणि शेजारच्या घराच्या खिडकीसमोर येणार नाही अशा जागी हवं. पाण्याच्या टाकीजवळ असेल तर टाकीच्या झाकणाच्याही वर. पाइप उंच झाला की वाऱ्याने हलतो, त्याला भिंतीचा किंवा अँगलचा आधार द्या. काउल बसवायला विसरू नका, नाहीतर वाळका पाला आत पडतो.

उभा पाइप वरच्या मजल्याच्या छतापाशी टोपण लावून बंद करणं ही मला सर्वाधिक दिसलेली चूक आहे. वाचतो फक्त एक पाइप.

वर फ्लश केलं की खालच्या बाथरूममध्ये गुडगुड आवाज येतो. का?

हे मी स्वतःच्या घरात सोसलं आहे. आमचं घर बांधलं तेव्हा मी दुसऱ्या साइटवर अडकलो होतो आणि पाइपचं काम पाहायला एकच दिवस आलो. राहायला गेल्यावर पंधरा दिवसांत आईने सांगितलं, "अरे, मोरी बोलते." वर कोणी फ्लश केलं की खालच्या नहाणी ट्रॅपमधून तीन-चार बुडबुडे यायचे आणि मग वास. मी ट्रॅपमध्ये टॉर्च मारून बसलो आणि बायकोला वरून फ्लश करायला सांगितलं. पाणी आधी खाली खेचलं गेलं, क्षणभर थांबलं आणि मग उसळून वर आलं. बसलं तेव्हा पातळी आधीपेक्षा बोटभर कमी होती. फ्लश चार वेळा केल्यावर तळ दिसायला लागला.

कारणं दोन निघाली. उभ्या पाइपला वरच्या छताखाली टोपण लावलेलं होतं, आणि खालच्या न्हाणीचा पाइप त्याच उभ्या पाइपला अगदी तळाच्या बेंडजवळ जोडला होता. टोपण काढून पाइप गच्चीवर नेला तेव्हा शोषण थांबलं, पण उसळी थांबली नाही. खालच्या न्हाणीचा पाइप तोडून वेगळा थेट चेंबरला नेला तेव्हाच मोरी गप्प झाली.

म्हणून तळमजल्याचं कमोड आणि न्हाणी उभ्या पाइपला जोडूच नका. त्यांना स्वतंत्र पाइपने चेंबरपर्यंत न्या. आणि उभ्या पाइपच्या तळाशी एका झटक्याचा काटकोनी बेंड लावण्याऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड लावा, पाणी आपटत नाही, वळतं.

एकच उभा पाइप टाकायचा की दोन?

जुन्या पद्धतीत दोन असतात: कमोडचा सॉइल पाइप वेगळा आणि न्हाणी-बेसिनचा वेस्ट पाइप वेगळा. वेस्ट पाइप खाली गली ट्रॅपमध्ये, म्हणजे घराबाहेर जमिनीत बसवलेल्या ट्रॅपमध्ये, पडतो आणि मग चेंबरला जातो. नव्या इमारतींत बरेचदा सगळं एकाच पाइपात येतं. तेही चालतं, पण मग प्रत्येक ट्रॅप खोल आणि व्हेंट चोख हवा, कारण चुकीला जागा राहत नाही.

घर गावात असेल, मागे परस असेल, तर मी दोनच पाइप टाका म्हणेन. आंघोळीचं पाणी नारळाला, केळीला किंवा शोषखड्ड्यात सोडता येतं आणि सेप्टिक टाकीवरचा भार हलका होतो. एकदा एकत्र केलेलं पाणी पुन्हा वेगळं करता येत नाही.

कोणत्या मापाचे पाइप घ्यायचे?

कमोडला ११० मिमी, ज्याला दुकानात चार इंची म्हणतात. नहाणी ट्रॅपपासून पुढे ७५ मिमी, म्हणजे अडीच इंची. बेसिनला ४०. पाण्याच्या दिशेने जाताना पाइप कुठेही बारीक होता कामा नये.

पाइपवर आयएस १३५९२ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला बघा. त्यात ए आणि बी असे दोन प्रकार आहेत. ए प्रकार पातळ भिंतीचा, तो व्हेंटला आणि पावसाच्या पाण्याला. मैल्याला आणि सांडपाण्याला बी प्रकार. दुकानदाराने दोन्ही एकाच गठ्ठ्यात पाठवले तर प्लंबर हाताला येईल तो लावतो, त्यामुळे माल उतरवतानाच वेगवेगळा रचा.

उतार किती द्यायचा?

फुटाला दोन सूत. एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुरे. आठ सुतांचा इंच, म्हणजे दहा फुटांत अडीच इंच, गणितात सांगायचं तर १:४८. चार इंची पाइपला हा उतार छान बसतो. यापेक्षा फार कमी दिला तर मैला बसून राहतो. उगाच फार जास्तही देऊ नका. चेंबर विनाकारण खोल जातो, आणि पाणी पातळ थराने पळून जातं, मैल्याला उचलून नेत नाही.

न्हाणीच्या फरशीला फुटाला एक सूत बास. फरशी बसवताना बादलीभर पाणी ओतून बघा. पाणी दाराकडे गेलं तर त्याच दिवशी फरशी उचलायला लावा.

उतार डोळ्याने ठरवू देऊ नका. लांब अंतराला पाणी भरलेली लेव्हल ट्यूब, छोट्या अंतराला स्पिरिट लेव्हल. आणि पाइपखाली विटांचे तुकडे अधूनमधून ठेवून सोडून देऊ नका, मधे पोट येतं. पोटात पाणी साचतं, पाण्यात गाळ बसतो. आडव्या पाइपला व्यासाच्या दहापट अंतरावर, म्हणजे चार इंचीला साधारण मीटरभरावर आधार हवा.

कमोड आधी घ्यायचा की पाइप आधी टाकायचा?

कमोड आधी. निदान मॉडेल तरी पक्कं करा. एस ट्रॅपच्या कमोडचं तोंड जमिनीत जातं आणि तयार भिंतीपासून त्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मॉडेलप्रमाणे बदलतं. ४, ९ आणि १२ इंच ही नेहमीची मापं. पी ट्रॅपचं तोंड भिंतीत जातं, तिथे जमिनीपासूनची उंची बघावी लागते. हे माप तयार फरशीपासून आणि तयार टाइल्सपासून मोजायचं, विटांपासून नाही. प्लास्टर आणि टाइल मिळून दीड-दोन इंच खातात, आणि नेमके तेच विसरले जातात. मग कमोड भिंतीला टेकत नाही किंवा बसतच नाही.

संकन स्लॅब किती खोल हवा?

संकन स्लॅब म्हणजे न्हाणीघराखाली पाइप बसावेत म्हणून खाली दाबून घेतलेला स्लॅब. वरच्या मजल्यासाठी हिशोब करू. वॉटरप्रूफिंगचा थर दोन इंच, पाइप जोडासकट साडेचार इंच, पाच फूट अंतराला उतार सव्वा इंच, वर मसाला आणि टाइल दोन इंच. बेरीज पावणेदहा इंच. नऊ इंच सोडले असतील तर प्लंबर उतार चोरतो, वॉटरप्रूफिंगवाला थर चोरतो. म्हणून बारा इंच सोडा.

पाइप टाकायच्या आधी वॉटरप्रूफिंग करून पाणी भरा आणि निदान ४८ तास खालचं छत बघा. पाइप टाकून झाल्यावर, कोबा भरण्यापूर्वी, पुन्हा एकदा. पाइप भिंतीतून बाहेर जातो त्या भोकाभोवती सगळ्यात जास्त गळती होते, तिथे स्वतः उभं राहून काम करून घ्या.

जोड कुठे आणि कोणते?

आडवा पाइप उभ्याला जोडताना आणि दोन आडवे जोडताना वाय, म्हणजे तिरक्या फाट्याचा जोड, वापरा, काटकोनातला सरळ टी नको. प्रत्येक वळणावर दारवाला बेंड किंवा दारवाला टी, आणि ते दार उघडता येईल असं बाहेर. भिंतीकडे तोंड करून बसवलेलं दार मी कितीदा पाहिलंय!

जमिनीतला पाइप जिथे वळतो तिथे चेंबर. पाइप तुंबला तर माणसाला टाकीत किंवा गटारात उतरावं लागू नये, एवढ्यासाठी ही दारं आणि चेंबर आहेत. सेप्टिक टाकीतल्या वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. २०१३ च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवायला बंदी आहे. सक्शन गाडी बोलवा, कुणालाही आत उतरवू नका.

उन्हात असलेल्या उभ्या पाइपला रबर रिंगचे जोड घ्या. तीन मीटरचा पाइप ३० अंशांच्या फरकाने सुमारे ६ मिमी लांबतो, आणि विदर्भ-मराठवाड्यात भिंतीवरच्या पाइपला तेवढा फरक सहज सोसावा लागतो. पाइप सॉकेटमध्ये, म्हणजे पुढच्या पाइपच्या रुंद तोंडात, पूर्ण ढकलून खूण करायची आणि मग १० मिमी मागे ओढायचा.

पावसाचं पाणी याच पाइपात सोडलं तर?

सोडू नका. पहिल्या जोरदार पावसात गच्चीचं पाणी पाइप भरून टाकतं, हवेला वाट राहत नाही आणि तळमजल्याचं कमोड उसळतं. सेप्टिक टाकी असेल तर आतला गाळ ढवळून बाहेर जातो. पावसाचा पाइप वेगळा.

सेप्टिक टाकीलाही व्हेंट लागतो का?

हो, किमान ५० मिमीचा. टाकी घरापासून १५ मीटरच्या आत असेल, आणि आपल्याकडे ती असतेच, तर हा पाइप घराच्या माथ्यापेक्षा दोन मीटर वर न्यायचा. कंपाउंडच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीचा पाइप ठेवून भागवलेलं असतं, आणि मग संध्याकाळी अंगणात बसवत नाही. न्हाणी ॲसिडने रोज धुऊ नका, टाकीतले जिवाणू मरतात.

गच्चीवर पाइप न नेता हवेचा व्हॉल्व्ह लावला तर चालेल?

एअर ॲडमिटन्स व्हॉल्व्ह हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही. शोषण थांबवेल, तळाचा दाब आणि गटारातला वायू नाही. नूतनीकरणात, दुसरा मार्गच नसेल तेव्हा एखाद्या लांबच्या बेसिनला लावा. घरात एक तरी पाइप उघड्या आकाशाखाली हवाच.

एक्झॉस्ट फॅनचा याच्याशी काय संबंध?

दार लावून फॅन सुरू केला की न्हाणीघरातली हवा बाहेर जाते आणि तिच्या जागी हवा शोधली जाते. ट्रॅप कोरडा असेल तर ती थेट ड्रेनमधून येते. मार्च २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवाशांना सार्स या श्वसनरोगाची लागण झाली. तपासात जमिनीवरचे कोरडे पडलेले ट्रॅप आणि न्हाणीघरातले फॅन यांच्याकडे बोट दाखवलं गेलं. पंखा लावाच, पण दाराखाली बोटभर फट ठेवा आणि ट्रॅप ओला ठेवा.

फ्लॅटचं बाथरूम नव्याने करतोय. काय सांभाळू?

सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि खालच्या घरच्यांना काम सुरू व्हायच्या आधी भेटा. उभा पाइप सगळ्यांचा असतो. त्यावरचा व्हेंट कापणं, त्याला स्वतःच्या मनाने टी मारणं हे दहा घरांच्या ट्रॅपशी खेळणं आहे. कमोडची जागा हलवण्याचा मोह आवरा. जुने बिडाचे पाइप असतील तर आपला जोड बदलताना पूर्ण शाफ्टची, म्हणजे उभे पाइप उतरतात त्या मोकळ्या जागेतल्या सगळ्या पाइपांची, अवस्था बघून घ्या.

काम झालं हे कसं तपासायचं?

जोड सुकायला एक दिवस द्या. मग खालचं तोंड फुग्याने किंवा टोपणाने बंद करून पाइप पाण्याने भरा, पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि तासाभराने बघा. खूण आणि पाणी वेगळे झाले असतील तर जोड शोधा. त्यानंतर सगळी उपकरणं बसल्यावर वरचं फ्लश, भरलेलं बेसिन आणि बादलीभर पाणी एकदम सोडा आणि खालच्या प्रत्येक ट्रॅपमध्ये टॉर्चने पाणी बघा. ते किंचित हललं तर ठीक, ओसरलं तर व्हेंट अपुरा आहे.

कोबा टाकण्यापूर्वी प्रत्येक पाइपचे फोटो काढा, आणि फोटोत मेजर टेप दिसला पाहिजे, एक टोक भिंतीला आणि दुसरं पाइपला. पाच वर्षांनी टॉवेल रॉडसाठी ड्रिल लावताना हा फोटो हाताशी असेल.

कोकणातलं घर वर्षभर बंद असतं. गणपतीला गेलो की वास आणि झुरळं. उपाय?

ट्रॅपमधलं पाणी उडून जातं, दुसरं काही नाही. निघताना सगळ्यात शेवटी प्रत्येक नहाणी ट्रॅपमध्ये आणि बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि वरून दोन-तीन चमचे तेल सोडा. तेलाचा तवंग पाणी उडू देत नाही. कमोडमध्येही तसंच करून झाकण लावा. जाळीवर जाड प्लास्टिक ठेवून वर वीट ठेवा. कोणी शेजारी किल्ली सांभाळत असतील तर त्यांना होळीला एकदा आत जाऊन प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतायला सांगा.